पहाटेची गोळी आणि मालनबाई

१

आधीच सांगून ठेवते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. डोळ्यांत बसवलेल्या दोन्ही भिंगांची शपथ, उजव्या गुडघ्यातल्या स्टीलच्या वाटीची शपथ. मूसी नदीच्या पुरात मी म्हशीच्या पाठीवर बसून गौलीगुड्यापर्यंत वाहत आले ती गोष्ट वेगळी. तिच्यात तिखटमीठ होतं, आणि म्हैस शेजाऱ्यांची होती. पण हिम्मतरावांची गोष्ट खोटी निघाली तर उद्यापासून माझ्या पानात लोणचं वाढू नका. याहून मोठी शपथ माझ्याकडे नाही.

हैदराबादेत नारायणगुड्याच्या एका गल्लीत आमचं ‘निवांत’ आहे. म्हाताऱ्या माणसांचं घर. खालच्या मजल्यावर आम्ही, म्हणजे हिंडते-फिरते, भांडते लोक. वरच्या मजल्यावर ज्यांची डोकी भरकटली ते. वर जायच्या जिन्याला लोखंडी जाळीचं दार आहे आणि त्याला कुलूप. वरचे लोक आम्हाला दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात. कुणीतरी दिवसभर खुर्ची ओढत असतं. कुणीतरी दिवेलागणीला आपल्या आईला हाका मारतं, आणि आम्ही खाली टीव्हीचा आवाज वाढवतो.

तर संक्रांत होऊन गेली होती. सकाळी उपम्याचा वास सुटला होता आणि उमाजी माझ्या दारात येऊन उभा राहिला. उमाजी हा हिम्मतरावांचा खोलीतला सोबती, जन्माचा भित्रा.

“माई, चला. हिम्मतराव अडकलेत.”

“कुठं अडकले?”

“कुठं नाही. उभ्या उभ्या.”

जाऊन बघते तर व्हरांड्यात हिम्मतराव उभे. एक पाय पुढे, हात हवेत, तोंड अर्धं उघडं. अंगात फक्त डोळे हलत होते. कोंडून घातलेला माणूस खिडकीतून बाहेर बघतो ना, तसे.

हिम्मतरावांना कंपवात आहे. कंपवाताची गोळी म्हणजे गाडीची किल्ली. वेळेवर पोटात गेली की माणूस चालतो, बोलतो, पत्त्यांत लबाडी करतो. चुकली की जिथल्या तिथं पुतळा. त्यात रात्रभर अंग आखडलेलं असतं, म्हणून डॉक्टरांनी त्यांना नव्यानेच एक पहाटेची गोळी सुरू केली होती. तरी हे असं.

आम्ही दोघांनी त्यांना धरून खुर्चीत टेकवलं. बऱ्याच वेळाने जीभ सुटली.

“आज गोळी मिळाली नाही का हो तुम्हाला?” मी विचारलं.

“मिळाली की. गंगूनं दिली.” मग जरा थांबून म्हणाले, “तिच्यामागं मालनबाई पण येऊन गेली.”

उमाजीने खुर्चीवरचा हात काढून घेतला.

मालनबाईला वारून चार महिने झाले होते.

२

असं एकदाच झालं असतं तर कुणी लक्ष दिलं नसतं. पण ते रोजचंच झालं. दुपारची गोळी चांगली लागू पडायची, हिम्मतराव बागेत फेऱ्या मारायचे. पहाटेची मात्र दगडावर टाकल्यासारखी. आणि रोज विचारलं की एकच उत्तर, मालनबाई येऊन गेली.

आमचा मॅनेजर दिलीप. कानात सदा ते फोनचं बोंडूक, समोरच्याशी बोलतोय की हवेशी ते कळत नाही. तो मला म्हणाला, “माई, दोनच गोष्टी असू शकतात. एक तर गंगू गोळी वेळेवर देत नाही, नाहीतर यांचं डोकं फिरलंय. डॉक्टर म्हणतात, या औषधाने कधीकधी नसलेली माणसं दिसतात. विवेकसाहेबांना कळवलंय. रविवारी येतायत. वरची खोली रिकामी करून ठेवलीय.”

विवेक म्हणजे हिम्मतरावांचा मुलगा. कंप्युटरमधला. वाईट नाही पोरगा, पण घाईत जन्माला आलेला.

मी हिम्मतरावांना हे सांगणार नव्हते. पण भिंतींना कान आणि आम्हाला दिवसभर काम नाही, त्यांना आधीच कळलं होतं. दुपारी पत्ते वाटता वाटता हात थांबले. कंपवातामुळे नव्हे.

“माई, मला वर नक्को. वर गेलेला कुणी खाली आलाय का?”

 वर खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“तुम्ही शोधून काढा,” ते म्हणाले. “तुम्हाला खोटं लई चांगलं बोलता येतं, म्हणजे दुसऱ्याचं पकडताही येत असेल.”

अशी स्तुती कुणी केली की मी विरघळते. कामाला लागले.

पहिली गंगू. औषधांची गाडी तीच फिरवते. गाडीचं एक चाक कुरकुरतं, त्यामुळे गंगू कुठे आहे ते अख्ख्या घराला कळतं. ती बिचारी रडकुंडीला आली होती.

“अम्मातोडु, आईशपथ सांगते माई, गोळी मी स्वतः तोंडात घालते. पाणी देते. जीभ वर करायला लावून बघते. मग पुढच्या खोलीत. उशीर नाही, विसर नाही. दिलीपसार माझ्या मागे उभे राहून बघतात आता. तरी म्हणतात तूच काहीतरी करतेस.”

“दिलीपच्या समोर दिलीस तरी आखडले?”

“हौ. त्यांच्या समोर दिली त्या दिवशी पण.”

म्हणजे गंगू सुटली. गोळी वेळेवर पोटात जात होती. पोटात गेलेली गोळी कोण चोरणार?

दुसरा उमाजी. त्याला मी बागेतल्या बाकावर गाठलं, पेरूच्या दोन फोडी हातात दिल्या.

“तुम्ही त्याच खोलीत झोपता. पहाटे काय दिसतं?”

“काही नाही. मी पांघरूण डोक्यावरून घेतो.”

“का घेता?”

तो फोड चघळत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “माई, तुम्ही दिलीपला सांगणार नसाल तर सांगतो. जो सांगतो त्याला वर नेतात.”

“नाही सांगत.”

“मालनबाई येते. मी पण बघितलीय.”

३

एकाला दिसलं तर औषधाचा भास. दोघांना दिसलं, आणि त्यातला एक ते औषध घेतच नाही, तर काय म्हणायचं? 

मालनबाई कशी होती ते सांगायला हवं. बिदरकडची, हिम्मतरावांच्या शेजारच्या गावची. लहानपणी एकाच जत्रेत हरवलो होतो असं दोघं सांगायचे. रोज संध्याकाळी ती त्यांना दूध आणून द्यायची आणि पिऊन होईपर्यंत समोर बसायची. हिरवी शाल, डोक्यावरून पदर, चालताना जराशी डावीकडे झुकायची. तिच्या अंगाला कापराच्या तेलाचा वास असायचा. ती गेल्यावर तिचं सामान न्यायला कुणी आलं नाही. ट्रंक तशीच तिच्या कॉटखाली राहिली. हिम्मतरावांनी त्या दिवसापासून दूध सोडलं.

उमाजीला विचारलं, “पाय दिसले का?”

“कॉटच्या मागे होते.”

“वास?”

तो विचारात पडला. “वास आला. पण कापराचा नाही. शाळेतल्या कपाटाचा असतो ना, तसला.”

हिम्मतराव जेवायला गेल्यावर मी त्यांच्या खोलीत शिरले. मला कुणी हटकत नाही, मी चष्मा शोधत असते. कॉटच्या एका पायावरून मुंग्यांची ओळ चढत होती आणि उशीशी जाऊन थांबत होती. गोळी कडू असते, पाण्याला मुंग्या लागत नाहीत. शिवाय सकाळी त्यांच्या मिशीवर एक पांढरी रेघ वाळलेली मी पाहिली होती. गंगूला वाटलं टूथपेस्ट. ते दात घासतात नाश्त्यानंतर.

आणखी एक. गुरुवारी हिम्मतराव आखडले नाहीत. नाश्त्याच्या आधीच बागेत जाऊन आले, दिलीपला गुड मॉर्निंग म्हणाले. मी विचारलं, आज मालनबाई आली होती का? तर चेहरा पडला. “नाही आली आज.” चालता येत होतं आणि माणूस उदास होता.

शनिवारी पहाटे मीच जाऊन बसले. व्हरांड्याच्या टोकाला एक बाक आहे, कुंडीच्या आड. अंगावर घोंगडी घेतली. थंडी होती. वरच्या मजल्यावर कुणीतरी झोपेत कण्हत होतं. गंगूचं चाक कुरकुरत आलं, हिम्मतरावांच्या खोलीत गेलं, बाहेर आलं, पुढच्या वळणावर नाहीसं झालं.

मग काहीच नाही.

मग हिरवी शाल आली. पावलांचा आवाज नाही. डोक्यावरून पदर, हातात काहीतरी धरलेलं, चालताना डावीकडे जराशी झुकलेली. माझ्या बाकापासून इतक्या जवळून गेली की वारा लागला. आतून आवाज आला, अगदी हळू, “घ्या. रिकाम्या पोटी गोळी जाळते आतडी.”

मालनबाईचेच शब्द. तीच बोलायची ढब, शेवट खाली सोडून दिलेला.

मला उठायचं होतं. पाय उठेनात. त्या पहाटे हिम्मतरावांना काय होतं ते मला कळलं.

४

उजेड झाला तसं माझं रक्त पुन्हा फिरायला लागलं, आणि रक्त फिरलं की माझं डोकं चालतं. चहा घेतला, बिस्कीट बुडवलं आणि एकेक गोष्ट समोर मांडली.

तो कपाटाचा वास माझ्याही नाकाने घेतला होता. डांबरगोळ्यांचा वास तो. मालनबाई जिवंत असताना तिला डांबरगोळ्यांनी शिंका यायच्या. म्हणजे शाल तिच्या अंगावरची नव्हती, ती गेल्यावर कुणीतरी डांबरगोळ्या टाकून ठेवलेल्या ट्रंकेतून काढलेली होती. ट्रंक मालनबाईच्या खोलीत होती, आणि त्या खोलीत आता तिची सोबतीण त्रिवेणी एकटीच राहते.

मुंग्या आणि मिशीवरची रेघ. भूत गोड दूध आणत नाही. आणलं तरी त्याला पेला कुठून मिळणार? स्वयंपाकघरात विचारलं तर आमची स्वयंपाकीण अम्मा म्हणाली, “त्रिवेणम्मा रोज पहाटे पालु घेते. आटवून, बदाम वाटून.” अम्मा दुधाला पालु म्हणते. आता, त्रिवेणीला दुधाने पोट फुगतं हे साऱ्या घराला माहीत आहे, कारण ती ते साऱ्या घराला सांगते.

आणि गुरुवार. बुधवारी संध्याकाळी त्रिवेणी गौलीगुड्याला भाचीकडे बारशाला गेली होती, मुक्कामाला. गुरुवारी भूत रजेवर होतं.

दुपारी मी तिच्या खोलीत गेले. ती वाती वळत होती. मी कॉटखालच्या ट्रंकेकडे बघितलं, नुसतं बघितलं. तिच्या हातातला कापूस खाली पडला.

“माई, मी वाईट काही केलं नाही.”

“मग काय केलंत ते सांगा.”

“त्यांची पहाटेची गोळी सुरू झाली, तेव्हा ते म्हणत होते पोटात आग पडते. मालनचं तर रोजचं टुमणं होतं, माझ्यामागे त्यांना उपाशी पोटी औषध देऊ देऊ नका म्हणून. माझ्याकडून वचन घेतलं होतं तिनं. मी पहिल्या दिवशी दूध घेऊन गेले, तर पेला सरकवून दिला. म्हणाले, दूध बंद केलंय मी. दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी होती. माझी शाल धुवायला टाकलेली. ट्रंकेतली घेतली.” ती थांबली. “अंधारात मला म्हणाले, मालन, आलीस? आणि सगळं दूध प्यायले.”

“आणि तुम्ही बोलला नाहीत, मी त्रिवेणी आहे म्हणून.”

“कसं बोलणार? तुम्ही तो चेहरा बघितला नाहीत. मग मला रोज जावं लागलं. तिच्यासारखं चालायला लागले, तिच्यासारखं बोलायला. माई, खोटं नाही सांगत, कधीकधी शाल काढल्यावर पण तोच आवाज निघायचा तोंडातून. भीती वाटायची मला.”

ती रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, पाठ थंडगार.

“पण गोळीला मी कधी हात लावला नाही,” ती म्हणाली. “गोळी गंगू देते. त्यावर मी फक्त दूध देते. मग त्यांना कुणाची नजर लागते?”

भूत सापडलं होतं. चोर अजून बाकी होता, आणि रविवार उद्यावर आला होता.

५

चोर मला सापडला तो हिशेबाने. पहाटेची गोळी आणि दुपारची गोळी एकाच पाकिटातली. दुपारची लागू पडते, पहाटेची पडत नाही. गुरुवारी पहाटेचीही पडली. फरक कशाचा, तर एका पेल्याचा.

मला औषधातलं काही कळत नाही. पण आम्हा लोकांचं एक वेड मला माहीत आहे. कुठलीही गोळी असो, ती उष्णच असते. तिच्यावर दूध ओतल्याशिवाय आमच्या जिवाला चैन पडत नाही. डॉक्टर काही का सांगेना.

मी त्रिवेणीला म्हटलं, “उद्या जाऊ नका.”

“त्यांना काय वाटेल?”

“एक दिवस वाईट वाटू दे. नाहीतर जन्मभर वर बसून वाटत राहील.”

रविवारी सकाळी विवेक आला. डॉक्टर रसिका पण आल्या, पुण्याकडची मुलगी, बोलते ते पटपट. दिलीपच्या हातात जाळीच्या दाराची किल्ली. मी सगळ्यांना जेवणाच्या हॉलमध्ये बसवलं. उमाजीला दारात उभं केलं, उगाच, शोभेला.

“बाबांना आणतो,” म्हणून दिलीप चाकांची खुर्ची घेऊन निघाला.

“राहू दे,” मी म्हटलं. “डॉक्टर, एक विचारते. ही कंपवाताची गोळी घट्ट दुधाबरोबर घेतली तर?”

रसिकाबाईंनी मान वर केली. “आटवलेलं दूध? गोळीबरोबर? आजी, म्हणून तर उपाशी पोटी द्यायला सांगितली होती. दुधात, बदामात प्रोटीन असतं. ते आणि हे औषध शरीरात एकाच दारातून शिरतात. प्रोटीन पुढे घुसलं की औषध बाहेर ताटकळत राहतं. काही पेशंटना फार त्रास होतो. कोण देतंय त्यांना दूध?”

“मालनबाई,” मी म्हटलं.

विवेकने डोळे मिटून घेतले. “तुम्हीपण, माई?”

“मी तिला बघितलंय. उमाजीनेही बघितलंय.” उमाजी दारात शहारला, पण मान डोलावली. “तुझ्या बापाचं डोकं फिरलेलं नाही बाळा. पहाटे खरंच कुणीतरी शाल घेऊन यायचं आणि मायेने दूध पाजायचं. आज आलं नाही.”

“म्हणजे कोण यायचं?” दिलीप म्हणाला. “नाव सांगा. मी काढून टाकतो त्यांना.”

“तुला भुताला काढून टाकता येतं का? मग आधी वरच्या मजल्यावरची काढ.”

तो पुढे काही बोलणार, तेवढ्यात उमाजी दारातून बाजूला झाला. हिम्मतराव आले. चालत. भिंत न धरता, पावलं छोटी पण एकामागून एक. मुलासमोर येऊन थांबले, स्वतःच्या मर्जीने थांबले. विवेक उठला. त्याला काय करावं कळेना, त्याने वाकून बापाच्या पायाला हात लावला आणि तसाच बसून राहिला. दिलीपने किल्ली खिशात टाकली.

पण हिम्मतराव खूश दिसत नव्हते. ते माझ्याकडे वळले.

“आज ती आली नाही, माई. तुम्ही सांगितलं का, येऊ नक्को म्हणून?”

 कोपऱ्यात त्रिवेणी जमिनीकडे बघत होती.

“सांगितलं,” मी म्हटलं.

 मग त्यांनी रसिकाबाईंना विचारलं, “डॉक्टर, चालणं पाहिजे असंल तर ती नक्को. असंच ना?”

रसिकाबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या त्रिवेणीकडे. हुशार मुलगी. “असं कुठे म्हटलं मी? तिला सांगा, गोळीबरोबर यायचं नाही. गोळी पोटात मुरू दे, बागेतली फेरी होऊ दे. त्यानंतर या म्हणावं.”

दिलीप बडबडत फळ्याकडे गेला. आमच्या जेवणाच्या हॉलमध्ये फळा आहे, त्यावर कुणाला काय कधी द्यायचं ते असतं. हिम्मतरावांच्या ओळीत त्याने पहाटेच्या गोळीखाली लिहिलं, फेरी. त्याखाली त्याचा खडू अडला.

“काय लिहू?”

“मालनबाई,” हिम्मतराव म्हणाले. त्यांची नजर त्रिवेणीवर होती. “शाल मात्र तीच असू द्या.”

अजून फळ्यावर तसंच आहे. येऊन बघा. उजेडी येतं आमचं भूत आता, वेळेवर येतं, आणि कुणी घाबरत नाही. त्रिवेणी मात्र शाल काढल्यावर थोडा वेळ कुणाशी बोलत नाही. आवाज परत यायची वाट बघते.

आता झोपू का? बरं, एक गोष्ट घशाशी अडकलीय ती काढून टाकते. लोणच्याचा प्रश्न आहे.

मालनबाई वारली नाही. ते मी पदरचं घातलं. तिला विसरायला व्हायला लागलं तसा तिचा मुलगा येऊन घेऊन गेला, कुकटपल्लीला, उंच बिल्डिंगमधल्या घरात. इतक्या घाईत की ट्रंक राहिली. मग फोन नाही, येणं नाही. इथून नेलेल्या माणसाचं आम्हाला एवढंच कळतं, म्हणून तुम्हाला ती मेली असं सांगून टाकलं. ते सांगायला सोपं पडतं.

परवा तिच्या सुनेचा, अपर्णाचा फोन आला होता. म्हणाली, आईंना आता कुणाचं नाव आठवत नाही. पण रोज पहाटे उठतात, डोक्यावरून पदर घेतात आणि दाराशी जाऊन उभ्या राहतात. दार उघड म्हणतात. कुठे जायचंय विचारलं तर सांगता येत नाही.